जनाबाईंचा एक अभंग, बोटांवर मोजून

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण विचारतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं हे मुद्दे ठरलेले. बाजारातल्या गाइडांत त्यांची तयार उत्तरं मिळतात आणि ती लग्नपत्रिकेसारखी असतात, नावं बदलली की कुठल्याही घरी चालतात. 'कवयित्रीने सहजसुंदर भाषेत अनुप्रास अलंकाराचा मनोहर वापर केला आहे.' हे वाक्य ज्ञानेश्वरांखाली लावा, नाहीतर कालच्या दिवाळी अंकातल्या कवितेखाली लावा, कुणी हरकत घेणार नाही. आणि म्हणूनच ते कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही.

वृत्त, यमक, अलंकार ओळखायला तसे सोपे आहेत, आठवडाभरात शिकून होतात. घोडं अडतं ते पुढं. सापडलेल्या गोष्टीचं करायचं काय, हे शिकवायचं राहून जातं. एकच छोटी रचना घेऊन ते करून बघू. रचना आपल्याच गोदाकाठची आहे. जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. परंपरा सांगते की लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला आल्या आणि नामदेवांच्या (१२७०–१३५०) घरातल्याच झाल्या. त्यांचा हा अभंग बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो:

दळितां कांडितां । तुज गाईन अनंता ॥
न विसंबें क्षणभरी । तुझें नाम गा मुरारी ॥
नित्य हाचि कारभार । मुखीं हरि निरंतर ॥
मायबाप बंधुबहिणी । तूं बा सखा चक्रपाणी ॥
लक्ष लागलें चरणासी । म्हणे नामयाची दासी ॥

अर्थाच्या बाबतीत फारसं अडण्यासारखं काही नाही. विसंबणं म्हणजे सोडून राहणं, विसरणं. दुसऱ्या कडव्यातला 'गा' हा गाण्यातला 'गा' नव्हे, 'अगा' म्हणून हाक मारतात त्यातला आहे. एवढं कळलं की पुरे.

आता कागद बाजूला ठेवून हा अभंग दोनदा मोठ्यानं म्हणा. ही पायरी सगळे गाळतात, आणि पुढच्या निम्म्या चुका तिथंच होतात. वृत्त कानाला कळतं, डोळ्यानं त्याचा नुसता पडताळा घ्यायचा.

कुठल्या घराण्यातलं वृत्त?

मराठी पद्याची तीन घराणी आहेत. अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षराची लघु-गुरूची जागा ठरलेली असते. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, मात्रांची बेरीज ठरलेली असते. अक्षरछंदात फक्त अक्षरांची संख्या बघायची. मुक्तछंद हे चौथं घर, त्याचा हिशेब वेगळा, आज तिकडं जात नाही.

पहिलं घराणं ओळखायला जांबच्या रामदासांकडं जाऊ. जालना जिल्ह्यातलं जांब, रामदासांचा जन्म १६०८ चा. मनाचे श्लोक ज्यांना पाठ आहेत त्यांना भुजंगप्रयात वृत्त येतं, फक्त त्याचं नाव ठाऊक नसतं. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें'. ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचं अक्षर गुरू, त्याच्या दोन. ऱ्हस्व अक्षराच्या पुढं जोडाक्षर येऊन त्याचा आघात मागं बसला की तेही गुरू होतं. म्हणून 'सज्जना'तला 'स' गुरू आणि 'भक्ति'तला 'भ' गुरू. आता तीन-तीनचे गट पाडा: म-ना-स, ज्ज-ना-भ, क्ति-पं-थे, चि-जा-वें. चारही गटांत लघु-गुरू-गुरू. 'यमाताराजभानसलगा' ही जुनी किल्ली लावली तर 'य' आणि त्याच्या पुढची दोन अक्षरं, 'यमाता', म्हणजे हाच नमुना. चार य-गण, बारा अक्षरं, भुजंगप्रयात. पुढची ओळ घ्या, त्यापुढची घ्या, साचा हलत नाही.

इथं एक गोष्ट पुस्तकातला नियम पाठ करून सुटत नाही. जोडाक्षराचा आघात मराठीत दर वेळी मागं बसत नाही. 'दिव्य शक्ती' म्हणताना 'दि'वर जोर येतो, तो गुरू. 'दिव्याखाली अंधार' म्हणताना तो येत नाही, तिथला 'दि' लघुच राहतो. दोन्हीकडं लिहिलेलं 'दिव्य'च आहे. 'तुझ्या', 'तुम्ही', 'कुऱ्हाड' यांतलं पहिलं अक्षरही लघुच. नुसतं बघून मात्रा मांडणारा हमखास इथं घसरतो, म्हणून वर मोठ्यानं म्हणायला सांगितलं.

हीच मापं जनाबाईंना लावून बघू. 'न विसंबें' म्हणजे लघु-लघु-गुरू-गुरू. 'तुझें नाम' म्हणजे लघु-गुरू-गुरू-लघु. दोन शेजारचे चरण, सुरुवातच जुळत नाही, म्हणजे गणवृत्त नाही. मग मात्रा मोजू. 'न विसंबें क्षणभरी' ११, 'तुझें नाम गा मुरारी' १३, 'नित्य हाचि कारभार' १२, 'मुखीं हरि निरंतर' १०. चरणाचं शेवटचं अक्षर ओढून गुरू धरायची सवलत असते, ती घेतली तरी शेवटचे दोन १३ आणि ११ होतात. जातीतही बसत नाही.

राहिली अक्षरं. मोजायची रीत सोपी आहे. स्वर असलेलं प्रत्येक अक्षर एक. जोडाक्षर कितीही जड दिसलं तरी एकच, 'त्य', 'क्ष', 'क्र', 'म्ह' सगळी एकेक. अनुस्वाराला वेगळं मोल नाही. न-वि-सं-बें-क्ष-ण-भ-री आठ. तु-झें-ना-म-गा-मु-रा-री आठ. नि-त्य-हा-चि-का-र-भा-र आठ. मु-खीं-ह-रि-नि-रं-त-र आठ. सापडलं. हा आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा छोटा अभंग.

छोटा म्हटलं की मोठा आलाच. त्यात चार चरण, सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. हे दोन्ही साचे नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांतच सांगून ठेवलेत, आणि गंमत अशी की सांगणारी ओळ स्वतःच त्या साच्यात बसते. नामदेव आपले हिंगोलीजवळच्या नरसीचे. मोठ्या अभंगाबद्दल ते म्हणतात, 'पहिल्यापासोनि । तिसऱ्यापर्यंत । अठरा गणित । मोज आलें'. बोटांवर मोजून बघा, सहा-सहा-सहा-चार, आणि 'पर्यंत'ला 'गणित'. छोट्याबद्दल, 'मुख्य मातृकांची संख्या । सोळा अक्षरें नेटक्या'. आठ आणि आठ, सोळा. त्याच्या पुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते: 'समचरणीं अभंग । नव्हे ताळ छंदोभंग'. ताल तुटता कामा नये, कसोटी ती आहे. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

ओवी या छंदाची शेजारीण. आपेगावच्या ज्ञानेश्वरांची पहिलीच ओवी घ्या: 'ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा'. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. अक्षरं सहा, सहा, आठ, चार. ज्ञानेश्वरीत पहिल्या तीन चरणांची संख्या अशी कमीजास्त होत राहते, आणि ओवीला ते चालतं. जात्यावरची ओवी तर याहून सैल, तिथं बाईचा गळा आणि दळणाचा वेग हाच छंद.

जिथं गणित चुकतं

आतापर्यंत जनाबाईंच्या अभंगातले सोयीचे चार चरण मी मोजले. बाकीचे मोजा. 'दळितां कांडितां' सहाच भरतात. 'मायबाप बंधुबहिणी' नऊ. 'लक्ष लागलें चरणासी' पुन्हा नऊ. दहा चरणांतले तीन चुकले.

गाइडवाला इथं गप्प बसतो, किंवा 'काही ठिकाणी छंदोभंग झाला आहे' असं लिहून मोकळा होतो. माझ्या मते खरं रसग्रहण इथूनच सुरू होतं. आधी साचा पक्का शोधायचा तो एवढ्यासाठीच, की तो कुठं वाकला ते दिसावं.

वाकलाय कसा ते टाळी देऊन बघू. भजनी ठेका आठ मात्रांचा, चार आणि चार. छंदात प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो, म्हणजे आठ अक्षरांचा चरण आठ ठोक्यांत बरोबर बसतो. आता सहा अक्षरांचा चरण त्याच ठेक्यावर म्हणा: द-ळि-तां-ऽ, कां-डि-तां-ऽ. तीन अक्षरं आणि एक ओढ, तीन अक्षरं आणि एक ओढ. दोन अक्षरं कमी आहेत ती अशा जागी, जिथं आधीचा स्वर दीर्घ आहे आणि हवा तेवढा लांबवता येतो. 'तां' नसून तिथं 'ति' असता तर ओढताना अडखळलो असतो.

नवाचं काय? 'मायबाप' चार, मग 'बंधुबहिणी' पाच. बं, धु, बहि, णी असं म्हटलं की 'बहि' एका ठोक्यात जातं. ब आणि हि दोन्ही लघु, दोघं मिळून एका गुरूच्या जागेत मावतात. आमच्याकडं बोलताना बहिणीची 'भैन' होतेच, तेव्हा जिभेला काही वेगळं करावं लागत नाही. 'लक्ष लागलें' लिहिताना पाच, पण म्हणताना 'लाग्लें' होतं आणि चारात बसतं, मग 'चरणासी' चार. ताल कुठंच तुटला नाही. नामदेवांच्या कसोटीवर हा छंदोभंग ठरत नाही, कागदावरची मोजणी चुकली एवढंच.

म्हणजे लघु-गुरू छंदात अगदीच निकामी नाहीत. साचा त्यांच्यावर उभा नाही, पण तूट भरून काढायला दीर्घ स्वर लागतो आणि जास्तीचं अक्षर मुरवायला दोन लघु लागतात किंवा जिभेवर निम्मं होणारं अक्षर लागतं. ज्यांना लिहायचं आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. आठ अक्षरं मोजून भरलेले आणि तरी म्हणताना ठेचकाळणारे अभंग हल्ली खूप लिहिले जातात.

आता अर्थाकडं. पहिलाच चरण आखूड का? दोन कामांची नावं आहेत, दळणं आणि कांडणं. जातं गोल फिरतं, मुसळ वरखाली जातं. तीन अक्षरं, ओढ, तीन अक्षरं, ओढ, अशी या चरणाची चाल आहे. खुंटा ओढताना एक जोर लागतो आणि मग जात्याची वरची तळी आपल्या वेगानं थोडी फिरते, मुसळ वर जातं आणि खाली येतं. मला त्या दोन ओढींमध्ये ते काम ऐकू येतं. जनाबाईंनी ठरवून दोन अक्षरं कमी ठेवली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण रचना कामाबरोबर म्हटली जायची, आणि कामाची लय जिथं शब्दांत सर्वांत उघडी आहे तो चरणच आखूड निघावा, हे उत्तरात लिहिण्याजोगं आहे.

नऊ अक्षरांच्या 'मायबाप बंधुबहिणी'त एका चरणात चार नाती कोंबलीत. पोरकेपणी परक्याच्या घरी वाढलेल्या बाईच्या तोंडी ही यादी आहे, आणि यादी मापाबाहेर जाते. यापुढं मी जाणार नाही. एवढं दाखवून वाचणाऱ्यावर सोडलेलं बरं.

आणखी एक बघण्यासारखं आहे. चार-चारचा ठेका धरला तर बहुतेक चरणांत मधली फट दोन शब्दांच्या मध्ये पडते: 'तुझें नाम / गा मुरारी', 'नित्य हाचि / कारभार', 'मुखीं हरि / निरंतर'. शब्द मधोमध चिरला जातो तो दोनच ठिकाणी, दुसऱ्या चरणात आणि शेवटच्या. 'तुज गाई / न अनंता' आणि 'म्हणे नाम / याची दासी'. शेवटचं पुन्हा वाचा. नामदेवाची दासी असं सांगणारा शब्द ठेक्यावर तुटतो तेव्हा फटीच्या अलीकडं 'नाम' उरतं. वरच्या दुसऱ्या कडव्यात 'तुझें नाम' नेमकं याच जागी, तिसऱ्या-चौथ्या अक्षरावर होतं. नामदेव आणि हरिनाम ठेक्यानं एका जागी आणून ठेवलेत. योगायोग असेल. 'म्हणे नामयाची दासी' ही त्यांची नेहमीची नाममुद्रा आहे, फक्त या अभंगासाठी घडवलेली नाही. तरी गाताना ते ऐकू येतं, आणि ऐकू येणारी गोष्ट रसग्रहणात यायला हवी.

यमकाच्या जागेवर कोण बसलंय

यमकाबद्दल विद्यार्थी जोड्या लिहितात आणि थांबतात. कांडितां–अनंता, क्षणभरी–मुरारी, कारभार–निरंतर, बहिणी–चक्रपाणी, चरणासी–दासी. ठीक. पण या जोड्या सारख्या वजनाच्या नाहीत. 'क्षणभरी' आणि 'मुरारी'त नुसती 'री' जुळते, तिच्या आधी एकीकडं 'भ' आणि दुसरीकडं 'रा'. 'कारभार' आणि 'निरंतर' तर जेमतेम जुळतात, 'भार'ला 'तर' म्हणजे शेवटचा 'र' सोडला तर काही नाही. 'बहिणी–पाणी'त 'णी' तेवढी. एकट्या शेवटच्या जोडीत आधीचा स्वरही जुळतो: णासी–दासी. चार सैल यमकं आणि पाचवं घट्ट. ऐकणाऱ्याला का ते सांगता येत नाही, पण अभंग तिथं बंद झाल्यासारखा वाटतो तो यामुळं.

आता त्या जागांवर शब्द कुठले आहेत ते बघा. कडव्याचा शेवटचा शब्द म्हणजे जिथं कान थांबतो ती जागा. पहिल्या कडव्यात तिथं 'अनंता' आहे. दुसऱ्यात 'मुरारी'. चौथ्यात 'चक्रपाणी'. तिन्ही देवाची नावं, हाक मारलेली. तिसऱ्यात 'निरंतर', तिथं हरि एक शब्द आधी आहे. पाचव्यात त्या जागी येते 'दासी'.

देवाच्या नावांसाठी राखलेल्या आसनावर शेवटी दासी येऊन बसते. तिच्यासमोर यमकात कोण, तर 'चरणासी'. पाय आणि दासी, अख्ख्या अभंगातली सर्वांत घट्ट जुळलेली जोडी ही. चरणाशी लक्ष लागलं हे वाक्य जे सांगतं, ते यमकानं करूनही दाखवलं. कुणी मला विचारलं की जनाबाईंच्या या अभंगात एकच काव्यविशेष सांगा, तर मी अलंकाराच्या नादी न लागता हा सांगेन.

अलंकार, थोडक्यात

थोडक्यात, कारण अभंगातच ते थोडे आहेत. उपमा नाही. उत्प्रेक्षा नाही. 'जणू', 'जसे', 'सारखे' असला एक शब्द सापडत नाही, तरी उत्तरपत्रिकेत उपमा शोधून काढणारे महाभाग भेटतात. 'मायबाप बंधुबहिणी तूं' यात देव आणि नाती एकच मानली आहेत, शालेय भाषेत ते रूपक. 'नित्य हाचि कारभार' यात कारभार हा घरधन्याचा शब्द मोलकरणीच्या तोंडी आलाय. दिवसभर राबणाऱ्या बाईनं नामस्मरणाला आपला कारभार म्हणावं, यात मला थोडी मिश्किली दिसते.

अनुप्रास आहे, पण कसा आहे ते सांगितलं पाहिजे. पहिल्या कडव्यात 'त' चारदा येतो: दळितां, कांडितां, तुज, अनंता. त्यातल्या दोन आवर्तनांवर ओढ आहे, म्हणून ते कानात राहतात. तिसऱ्या कडव्यात सोळा अक्षरांत 'र' पाचदा. इथं मोह होतो की जात्याची घरघर म्हणून 'र' आणला असं लिहावं. मी लिहिणार नाही. मराठीत 'र' कुठंही भरपूर सापडतो, आणि त्याच कडव्यात दळणाचा उल्लेखही नाही. पाचव्यातला 'लक्ष लागलें' मात्र धरण्यासारखा आहे, तीन 'ल' अगदी लगटून आलेत आणि जीभ त्या शब्दांवर क्षणभर चिकटते. कुठला अनुप्रास धरायचा आणि कुठला सोडायचा याला माझी कसोटी एकच, आवाज आणि अर्थ एकाच जागी भेटले पाहिजेत.

अलंकार भरभरून वापरलेली रचना ऐकायची असेल तर अठराव्या शतकातल्या अमृतरायांचे कटाव आहेत, औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. तिथं शब्दांची सर लागते, आतल्या आत यमकं फुटत राहतात, कीर्तनकाराचा दम लागतो. ते वाचून मग जनाबाईंकडं परत आलं की अलंकार न वापरणं हाही एक निर्णय असतो हे कळतं. हातात खुंटा असताना कटाव म्हणता येत नाही.

मग उत्तरात लिहायचं काय

मी लिहिलं असतं तर साधारण असं: 'हा आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा छोटा अभंग आहे. पहिल्या चरणात सहाच अक्षरं आहेत, पण दोन्ही "तां" लांबवून म्हटले की आठ मात्रांचा ठेका पूर्ण होतो, आणि त्या दोन ओढींतून दळण-कांडणाची लय ऐकू येते. यमक प्रत्येक कडव्याच्या दोन चरणांत आहे. पहिल्या चार कडव्यांत ते सैल आहे आणि "चरणासी–दासी" या शेवटच्या जोडीत घट्ट होतं. अनंता, मुरारी, चक्रपाणी ही देवाची नावं ज्या जागी येतात, त्याच जागी अखेरीस दासी येते, त्यामुळं देव आणि भक्त यांची जवळीक रचनेतूनच जाणवते. अभंगात उपमा नाही, रोजच्या कामाचे शब्द आहेत तसेच ठेवले आहेत.'

सहा-सात वाक्यं झाली. नुसता साचा सांगणारी दोन सोडली तर यातलं एकही दुसऱ्या कवितेखाली चालणार नाही. बाकीच्या वाक्यांत आधी सापडलेली गोष्ट आहे, मग तिनं काय केलं ते आहे. तपासणाऱ्याला पटो न पटो, त्याला कवितेत बोट ठेवून पडताळता येतं.

हीच रीत मोठ्या अभंगाला लावून बघायची तर तेरच्या गोरोबाकाकांची किंवा पैठणच्या एकनाथांची एखादी रचना घ्या. तिथं दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक असतं आणि चौथा चार अक्षरांचा चरण बिनयमकाचा सुटतो, तेव्हा प्रश्न बदलतो. त्या सुट्या चार अक्षरांत कवीनं काय ठेवलंय, हे बघायचं.

एका-एका अक्षरावर काही सांगायचं तर मात्र आधी पाठ तपासून घ्या. हाच अभंग कुठं 'दळितां कांडितां' असा अनुस्वारांसकट छापलेला दिसेल, कुठं 'दळिता कांडिता' असा. कुठं 'हरि', कुठं 'हरी'. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम ठरले तेव्हा उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ झाला. केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाप्रमाणंच छापावं असंही नियमांत आहे, पण ते सगळीकडं पाळलं जात नाही. जनाबाईंच्या बाबतीत नुकसान काही होत नाही, कारण छंदाला 'हरि' काय आणि 'हरी' काय, दोनच अक्षरं. मनाच्या श्लोकांत 'भक्तिपंथेचि'चं कुणी 'भक्तीपंथेची' करून छापलं, तर भुजंगप्रयात तिथल्या तिथं मोडतो.